सगळ्यांना सगळं खुलं

इंकेरीचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला तो एका शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, कोत्का बंदरातल्या जुन्या दोरखंडाच्या गोदामात, सेप्पो हुर्मेच्या जबड्यावर. मी चार पावलांवर उभा होतो. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, सेप्पोचा जबडा गेला. जबडा शाबूत होता. तो नुसता खाली बसला, आपण का बसलो हे न कळल्यासारखा. आणि इंकेरी मोडका हात पोटाशी धरून टेबलाखाली शिरली, कारण तिचा लॅपटॉप तिथे पडला होता.

माझं नाव एन्सियो. एकतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली, आता त्या गोदामात भरणाऱ्या बॉक्सिंग क्लबात घंटा वाजवतो. तीन मिनिटं मार, एक मिनिट विसावा, पुन्हा मार. ते मोजायचं काम माझं. त्यामुळे किती वाजता काय झालं ते मी चोख सांगू शकतो. का झालं ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

इंकेरी चौतीस वर्षांची. आमच्याच क्लबातून नऊ वर्षं खेळली, नाक दोनदा मोडून घेतलं, आणि एक दिवस ग्लोव्ह्ज खुंटीला लावून बंदराच्या कचेरीत संगणक सांभाळायला लागली. बोलते कमी. शनिवारी मात्र क्लबात यायचीच, जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायची, कुणाच्या हाताला पट्टी बांधून द्यायची.

दर मार्चमध्ये हामिनाच्या क्लबाशी आमच्या लढती असतात. हामिना बसने अर्ध्या तासावर, पण दोन्ही गावांमधून विस्तव जात नाही. त्या शनिवारच्या आदल्या वर्षी पाच पंचांपैकी एकाची गुणांची चिठ्ठी हरवली आणि हामिनावाले म्हणाले, वेइक्कोने ती गिळली. वेइक्को आमचा प्रशिक्षक, बहात्तर वर्षांचा. असं म्हणणाऱ्याचे त्याने जागच्या जागी पुढचे दोन दात पाडले. खरं सांगतो, त्याने ती गिळली नसेलच असं मी छातीठोक म्हणणार नाही.

म्हणून त्या वर्षी इंकेरी म्हणाली, चिठ्ठ्याच नकोत. एक जुना लॅपटॉप घेऊ, त्यावर आपला आपण एक छोटा सर्व्हर चालवू. पंच आपापल्या फोनवर गुण दाबतील, बेरीज आपोआप होईल आणि निकाल भिंतीवर दिसेल. गोदामाच्या भिंती मीटरभर जाड, आत बाहेरचं इंटरनेट पोचत नाही. पण त्याची गरजच नव्हती. सगळा कारभार चार भिंतींच्या आत, क्लबाच्या वायफायवर. वेइक्कोला ते पटलं नव्हतं, पण चिठ्ठी गिळल्याचा आरोप पुन्हा ऐकायचाही नव्हता.

तिने सगळं घरी बसून तयार केलं. घरी ते चाललं. गोदामात आणलं आणि चालेना.

लढती दोनला सुरू व्हायच्या होत्या. साडेबारा वाजता मी घंटा पुसत होतो आणि ती रिंगशेजारच्या टेबलावर लॅपटॉपकडे बघत बसली होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ: ४०३, परवानगी नाही.

"कुणाला परवानगी नाही?" मी विचारलं.

"सर्व्हरला."

"तुझ्याच सर्व्हरला? तुझ्याच मशीनवर?"

"मशीनवर मी एकटी नाही ना राहत," ती म्हणाली. "माझं एक नाव आहे, सर्व्हरचं वेगळं नाव आहे. त्याला मुद्दाम कमी अधिकार दिलेले असतात, म्हणजे कुणी त्याला फितवलं तरी तो फार काही बिघडवू शकत नाही. घरी मी घाईघाईत त्याला माझ्याच नावाने चालवलं होतं. इथे सगळं नीट, त्याच्या स्वतःच्या नावाने लावलं, तर आता त्याला माझ्या फाइली दिसत नाहीत."

"मग फाइली उघड की."

"फाइली उघड्याच आहेत, एन्सियो. त्यांच्या वरचं फोल्डर बंद आहे. खोली उघडी असून काय उपयोग, जिन्याला कुलूप असेल तर?"

तिने सगळं स्वतःच्या फोल्डरातून उचलून सर्व्हरसाठी राखलेल्या जागी नेलं, वरपासून खालपर्यंत एकेका फोल्डरला आत येण्यापुरती वाट दिली, आणि भिंतीवर पान उमटलं. कोत्का, हामिना, आणि दोन्हींखाली शून्य. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. तिने आपला फोन घेतला, पंच म्हणून एक गुण दाबला, आणि पुन्हा तेच: नोंदवता येत नाही, परवानगी नाही.

एव्हाना हामिनाची बस आली होती. दीड वाजता वाहनतळावर पहिली मारामारी झाली. कारण मला अजून माहीत नाही. आमच्या एकाने त्यांच्या एकाचं डोकं बसच्या दारावर आपटलं, त्यांच्या दुसऱ्याने आमच्याच्या कानाचा चावा घेतला. वेइक्को दोघांनाही बकोटीला धरून आत घेऊन आला आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं. कानवाल्याचं रक्त शर्टावरून थेट बुटात गळत होतं आणि तो सॉसेज खात होता.

पावणेदोनला लाकडी फळ्यांच्या पायऱ्यांवर बसलेली दोनशे माणसं पाय आपटायला लागली. गोदाम घुमायला लागलं.

"काय झालं आता?" वेइक्कोने टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली.

"वाचता येतंय, लिहिता येत नाही," इंकेरी म्हणाली. "निकालाची फाइल मी त्याच्या हवाली केलीय, तरी अडतंय. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी... थांब. तो दर वेळी आधी नवी फाइल बनवतो आणि मग जुनीच्या जागी ठेवतो. म्हणजे फोल्डरमध्येही—"

"मला ते सांगू नकोस! किती वेळ?"

"पाच मिनिटं. एकेक बघून घेते."

"त्या पलीकडच्या रानडुकरांना पाच मिनिटं दिली तर ते खुर्च्या फेकतील. उघडून टाक सगळं."

"तसं करत नाहीत, वेइक्को."

"करता येतं की नाही?"

"येतं."

"मग कर! दुसऱ्या कुणाला सांगत नाही, तुला सांगतोय. तू कधी माघार घेतलीस?"

वरून कुणीतरी बूट फेकला. तो रिंगच्या दोराला लागून पंचांच्या पाण्याच्या भांड्यात पडला. इंकेरीने त्या बुटाकडे पाहिलं, मग एक ओळ टंकली. त्या ओळीत तीन सात होते, एवढं मला आठवतंय. तीन सात म्हणजे मालकाला, त्याच्या गटाला आणि उरलेल्या सगळ्या जगाला, सगळं खुलं: वाचा, लिहा, चालवा. तिने ते एका फोल्डरला नाही, वरपासून खालपर्यंत सगळ्याला दिलं.

"उद्या नीट करीन," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

चाललं मग. फक्कड चाललं. पहिल्या पाच लढतींत पंच बटणं दाबत होते आणि फेरी संपल्या संपल्या भिंतीवर आकडे येत होते. मधल्या वेळात फोटोही येत होते. ते काम तानेलीचं. तानेली सव्वीस वर्षांचा, मासळीच्या कारखान्यात काम करायचा, हौसेने फोटो काढायचा. त्याला फोटो टाकता यावेत म्हणून इंकेरीने सर्व्हरचं ते फोल्डर वायफायवरून पाहुण्यांसाठी सामायिक ठेवलं होतं, परवलीचा शब्द नाही, काही नाही. पाहुण्याला फक्त फोटोंच्या कप्प्यात लिहिता येईल, बाकी कशाला हात लावता येणार नाही, अशी तिची मूळची मांडणी होती. ती मांडणी तीन सातांनी कधीच मोडली होती, आणि हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

सहावी लढत मोठी. आमचा रासमुस पेल्कोनेन, तेवीस वर्षांचा, आणि त्यांचा नीलो हुर्मे. रासमुस आणि तानेली मावसभाऊ. रासमुसची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून दोघं एकाच घरात वाढले, एकाच पलंगावर झोपले. रासमुसच्या प्रत्येक लढतीचा फोटो तानेलीने काढला होता.

घंटा दिली ती तीन वाजता.

पहिल्याच मिनिटात नीलोच्या डाव्या ठोशाने रासमुसची भुवई फुटली. वेइक्कोने मधल्या मिनिटात ती मलमाने बुजवली, दुसऱ्या फेरीत ती पुन्हा उघडली आणि रक्त सरळ डोळ्यात उतरायला लागलं. रासमुस त्या बाजूने आंधळा लढत होता. नीलोला ते कळलं आणि तो त्याच बाजूने फिरत राहिला, उजवा, उजवा, मग बरगड्यांत डावा. बरगडीवर बसलेला ठोसा ऐकू येतो. ओल्या गोणीवर फावडं मारावं तसा. रासमुस गुडघ्यावर गेला, रेफरीची मोजणी सातवर आली तेव्हा उठला. तिसऱ्या फेरीत तर तो नुसता उभा राहायचं म्हणून उभा होता. दोराला टेकून मार खात होता आणि अधूनमधून एखादा परत देत होता. रेफरीच्या पांढऱ्या शर्टावर ठिपके उडाले होते. आमच्या बाजूची माणसं मान खाली घालून बसली होती. तानेली रिंगच्या कडेला कॅमेरा खाली करून उभा होता. त्याच्या तोंडावरही रक्ताचे शिंतोडे होते, ते त्याने पुसले नव्हते.

"थांबव की रे!" मी वेइक्कोला ओरडलो.

"तो मान हलवतोय. नको म्हणतोय!"

मी शेवटची घंटा दिली ती दोन सेकंद लवकर. आयुष्यात एकदाच. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोघं रिंगच्या मध्यावर उभे राहिले, रेफरी मधे, दोघांची मनगटं धरून. निकाल काय असणार ते आंधळ्यालाही कळलं असतं. पंचप्रमुख बिर्गित्ता, हेलसिंकीहून आलेली वयस्कर बाई, माइक हातात घेऊन भिंतीकडे वळली. भिंतीवर आकडे उमटले. चार पंच एकाच्या बाजूने, एक दुसऱ्याच्या. आणि चारांच्या वर नाव होतं रासमुस पेल्कोनेनचं.

बिर्गित्ता अडखळली, पण समोर होतं ते तिने वाचलं. रेफरीने रासमुसचा हात वर केला.

रासमुसने तो खाली ओढला. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढे कोर्टातही सांगितलं. त्याने हात सोडवून घेतला आणि एका उघड्या डोळ्याने भिंतीकडे बघत राहिला. दोन पंच खुर्चीवरून उठून हात हलवत होते, नाही, नाही म्हणत होते. कोण बघणार त्यांच्याकडे? हामिनाची अख्खी बाजू फळ्यांवरून खाली ओतली गेली.

पहिली खुर्ची वेइक्कोच्या डोक्याच्या बाजूला लागली. त्याचा कान अर्धा फाटून लोंबला. तो पडला नाही, वळला, आणि ज्याने मारली त्याच्या गळ्याला त्याने दोन्ही हातांनी धरलं. आमची माणसंही उतरली. काही मिनिटांपूर्वी मान खाली घालून बसलेली तीच माणसं आता त्या खोट्या विजयासाठी दात पाडत होती. एकाने कॉफीचं उकळतं भांडं फेकलं. बंदरातल्या एका वेल्डरने, ज्याला मी वीस वर्षं ओळखतो, ज्याने कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नाही, त्याने खाली पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत तीन लाथा घातल्या, सावकाश, नेम धरून. माझ्या हातात घंटेची हातोडी होती. माझ्या अंगावर आलेल्याच्या गुडघ्यावर मी ती मारली. तो किंचाळला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

"ती बघा! त्या डब्याशी बसलीय ती! तिने केलं!" कुणीतरी ओरडलं.

सेप्पो हुर्मे म्हणजे नीलोचा बाप. दाराएवढा माणूस. कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलून तो इंकेरीवर गेला.

"माझ्या पोराचं रक्त विकलंस, रांडे!"

"मी नाही केलं, सेप्पो. मला बघू दे काय झालंय—"

स्टूल तिच्या खांद्यावर बसलं. टेबल उलटलं, लॅपटॉप खाली घसरला. त्याने स्टूल पुन्हा उचललं, या वेळी लॅपटॉपच्या दिशेने, आणि तेव्हा तिने पाय रोवले, कंबर फिरवली आणि नुसत्या मुठीने उजवा मारला. आठ वर्षं हातात ग्लोव्ह नव्हता, पण ठोसा तसाच होता. आवाज झाला. सेप्पो बसला. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी उलटलेल्या टेबलाआड तिच्याजवळ गेलो आणि ते स्टूल ढालीसारखं धरलं. ती डाव्या हाताने टंकत होती. उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"दवाखान्यात चल."

"गप्प बस. हे बघ." तिने मान पुढे केली. "निकालाची फाइल. मालक कोण लिहिलंय?"

"मला काय कळतंय?"

"सर्व्हर असायला हवा. इथे पाहुणा आहे. बाहेरून कुणीतरी ही फाइल उघडून बदलली आणि परत ठेवली, नावांची अदलाबदल करून." तिचा श्वास दुखऱ्या खांद्यात अडकत होता. "कशी बदलली? पाहुण्याला तर फक्त फोटो..." आणि ती थांबली. "मीच. मीच सगळं खुलं केलं."

एक बाटली टेबलाच्या कडेवर फुटली. काचा आमच्या केसांत पडल्या.

पंचांनी दाबलेलं प्रत्येक बटण सर्व्हर आपल्या स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवतो. ती रोजनिशी दुसऱ्या जागी असते, तीन सात तिथवर पोचले नव्हते. तिने तिथून पाचही पंचांचे आकडे वाचले. चार नीलोला, एक रासमुसला. मग तिने पाहुण्यांचा रस्ता बंद केला, सगळी परवानगी काढून घेतली, वाचायचं तेवढं वाचायला दिलं, लिहायला एकच फोल्डर, तेही एकट्या सर्व्हरला. दुपारी ज्या कामाला तिने पाच मिनिटं मागितली होती ते एका हाताने चार मिनिटांत झालं. मी मोजत होतो, दुसरं काय करणार?

त्याआधी तिने आणखी एक यादी उघडली होती. पाहुणा म्हणून कुठल्या फोनवरून कोण आलं, त्याची. तिथे फोनचं नाव होतं. मी वाचलं. तिने मी वाचताना पाहिलं आणि पडदा झाकला.

"तू काही बघितलं नाहीस, एन्सियो."

"नाही."

तिकडे रिंगमध्ये रासमुसने नीलोचा हात धरून वर केला होता. दोघं तसेच उभे होते, रक्ताने माखलेले, आणि खाली माणसं एकमेकांना चिरडत होती. भिंतीवर खरा निकाल आला. बिर्गित्ताने शिट्टी वाजवली, वाजवतच राहिली. मी उठून घंटा बडवली, दहा, वीस, तीस वेळा. मारामारी एकदम थांबत नाही. कडांपासून विझत मधे येते. शेवटचे दोघं कुणी ओढून वेगळं करेपर्यंत एकमेकांचे केस धरून होते.

सेप्पो उठला. जबडा चाचपत इंकेरीसमोर आला.

"मग कुणी केलं?"

"कुणालाही करता येईल असं मी ठेवलं होतं. चूक माझी," ती म्हणाली.

"नाव सांग."

"माझं लिहून घे."

तो तिच्या पायाशी थुंकला आणि पोराकडे गेला. पोलीस आले, दोन रुग्णवाहिका आल्या. सात जणांना नेलं. इंकेरी म्हणाली, आधी बाकीचे, मी मागून येते.

मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. रासमुस बाकावर बसला होता, हातांना अजून पट्ट्या गुंडाळलेल्या. भुवईला डॉक्टरने पाच टाके घातले होते.

"वेइक्कोने केलं ना?" त्याने विचारलं. आवाज अगदी शांत.

"नाही रे."

"तोच चिठ्ठ्या गिळतो. तोच तिला म्हणाला, उघड सगळं. मी ऐकलं. मी जिंकलो नाही तर त्याचं नाक कापलं जातं." तो उठला. "आता सगळं गाव म्हणणार, पेल्कोनेन चोर. मी त्या म्हाताऱ्याला मारून टाकतो."

वेइक्को बाहेर बाकावर कान धरून बसला होता. बहात्तर वर्षांचा. मी दारात आडवा उभा राहिलो. रासमुसने मला एका हाताने बाजूला केलं, पडदा सारावा तसं.

"वेइक्को नाही!" मी म्हणालो. "तानेलीने केलं. त्याच्या फोनचं नाव होतं."

तो थांबला. मला वाटलं, सुटलो.

तानेली गोदामामागे, उन्हाळ्याची वाट बघत उलट्या घालून ठेवलेल्या होड्यांपाशी सिगरेट ओढत होता. बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं. रासमुस उघड्या अंगाने बाहेर गेला. मी मागोमाग.

"तू केलंस?"

तानेलीने सिगरेट टाकली. "फोटो टाकत होतो. ती फाइल तिथेच दिसली. मला वाटलं, उघडणारच नाही." तो रडायला लागला. "तुझं तोंड बघवेना रे मला. सगळं अंगावर घेतलंस आणि—"

पहिल्या ठोशाने त्याचा जबडा मोडला. तो होडीवर आपटला आणि होडीनेच त्याला उभं धरलं, म्हणून पुढचेही बसले. पोटात, तोंडावर, कानावर. रिंगमध्ये जे त्याच्या हातून निघालं नव्हतं ते सगळं आता निघत होतं, आणि इथे घंटा नव्हती. तानेलीने हात वर केले नाहीत. एकदाही नाही. तो खाली सरकला तसा रासमुस गुडघ्यांवर बसला आणि मारत राहिला. पट्ट्या लाल झाल्या, मग बर्फ.

मी उभा होतो. कोर्टात मला विचारलं, किती वेळ उभा होतास? तेहेतीस सेकंद. माझी सवय आहे, मी मोजले. पण माझे पाय हलले नाहीत.

इंकेरी धावत आली. तिने मोडक्या हाताचं कोपर रासमुसच्या गळ्यात अडकवलं आणि मागे ओढलं, वेदनेने ओरडत. तो उलटला, मूठ उचलली, आणि तिचं तोंड दिसल्यावर ती मूठ तिथेच राहिली.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे, राजा. पुरे."

मग त्याने तानेलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला हाका मारायला लागला. तानेलीचे डोळे उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता.

तानेली पाच आठवडे रुग्णालयात होता. जबडा तारांनी बांधला होता, डाव्या कानाने ऐकणं गेलं ते गेलंच. रासमुसला दीड वर्षाची शिक्षा झाली, निलंबित, म्हणजे आत जावं लागलं नाही. बॉक्सिंग मात्र सुटलं, कुणी बंदी घालायच्या आधीच त्याने सोडलं. तानेलीने कोर्टात लिहून दिलं की भावाशी सौम्यपणे वागा. स्वतः आला नाही. त्याच उन्हाळ्यात तो वासा शहरात निघून गेला, तिथल्या बंदरावर काम करतो म्हणे.

इंकेरीच्या हातात धातूच्या दोन पट्ट्या आणि नऊ स्क्रू बसवले. एप्रिलमध्ये मी दालचिनीचे पाव घेऊन तिच्याकडे गेलो. तिने कॉफी ओतली, डाव्या हाताने.

"तू त्याला का सांगितलंस?" तिने विचारलं. महिनाभर तिने हे धरून ठेवलं असणार.

"तो वेइक्कोला मारायला निघाला होता."

"वेइक्को नाही, एवढं सांगायचं होतं."

"त्याने मानलं नसतं."

"नसतं मानलं कदाचित. चार जणांनी त्याला धरलं असतं. बाहेर पोलीस होते." तिने पाव मोडला, खाल्ला नाही. "मी पाच मिनिटांसाठी वेइक्कोशी भांडले नाही, तू एका नावासाठी तोंड आवरलं नाहीस. मार कुणी खाल्ला?"

तिने मला हाकललं नाही. आम्ही कॉफी संपवली, मग तिने रेडिओ लावला.

यंदा जूनमध्ये रासमुस माझ्या दारात आला. बारीक झालाय. भुवईवर पांढरी रेघ.

"तानेली माझा फोन उचलत नाही," तो म्हणाला. "तू लावून बघशील?"

माझा तरी का उचलेल, असं मी म्हणणार होतो, पण लावला. चारदा वाजल्यावर उचलला. मी नाव सांगितलं. रासमुस इथे समोर बसलाय, तुझ्याशी बोलायचं म्हणतोय, असंही सांगितलं. पलीकडे कुठल्यातरी यंत्राचा आवाज येत होता.

"त्याला सांग," तानेली म्हणाला, शब्द जरा चावून चावून, "सप्टेंबरनंतर बघू." आणि फोन ठेवला.

मी रासमुसला सांगितलं.

"यंदाच्या सप्टेंबरनंतर?" त्याने विचारलं.

ते मी विचारायचं विसरलो होतो.